आडू थंडी मोजतो: ग्वाल्हेरच्या अंगणात सप्ताळूचं झाड

ग्वाल्हेरला एप्रिल संपत आला की फळांच्या गाड्यांवर आडू दिसू लागतात. पिवळट केशरी, एका गालावर लाली, अंगावर मखमलीसारखी लव. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही त्याला आडूच म्हणतात, कारण बाजाराची भाषा ती. रसाच्या डब्यावर त्याचंच नाव ‘पीच’ असतं. जुन्या मराठीत मात्र या फळाला सप्ताळू म्हणत. फारसी ‘शफ्तालू’, म्हणजे जाडजूड, गरदार आलू, यावरून तो शब्द आला. हा आलू म्हणजे बटाटा नव्हे, फारसीत आलू म्हणजे प्लम. जर्दाळूतला ‘आळू’ हाच, पिवळा आलू. आलुबुखारा म्हणजे बुखाऱ्याचा आलू. नावांवरून ही भावंडं वाटतात आणि वनस्पतिशास्त्रातही ती एकाच कुळातली आहेत. सप्ताळूचा सगळ्यात जवळचा नातलग मात्र बदाम. बदामाचा गर वाळून फुटतो आणि आपण आतली बी खातो. सप्ताळूचा गर खातो आणि बी टाकतो.

‘हे डोंगरातलं फळ, आपल्याकडे येत नाही’ असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. वाण नीट निवडला आणि पाणी न साठणारी जागा दिली, तर ग्वाल्हेरच्या अंगणात हे झाड तिसऱ्या वर्षी फळ देतं. चुकीचा वाण लावला तर दहा वर्षं खतपाणी घालूनही हाती फक्त पानं येतात. हा फरक थंडीच्या हिशेबामुळे पडतो. तो हिशेब समजला की पुढची कामं का करायची हे आपोआप कळतं.

थंडीचे तास म्हणजे काय

पावसाळा संपून दिवस लहान झाले की सप्ताळूचे डोळे, म्हणजे फांदीवरचे फुलांचे आणि पानांचे कोंब, घट्ट मिटतात. पानं गळतात, झाड झोपतं. या झोपेत एखादा आठवडा ऊबदार गेला तरी झाड जागं होत नाही. झालं असतं, तर डिसेंबरच्या उन्हाला भुलून फुललेली फुलं जानेवारीच्या हिवानं करपून गेली असती. म्हणून ठरावीक थंडी अंगावर घेतल्याशिवाय डोळे उघडायचेच नाहीत, असा बंदोबस्त झाडाच्या आत असतो. सप्ताळूत एकाशेजारी एक असलेली सहा जनुकं ही झोप सांभाळतात. मेक्सिकोत सापडलेल्या एका प्रकारात त्या जनुकांचा तुकडाच गळालेला आहे आणि ते झाड हिवाळ्यातही झोपत नाही, वाढतच राहतं.

ही थंडी तासांत मोजतात. तापमान ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली राहिलेला प्रत्येक तास जमेला धरायचा. पहाटे १ ते ७ पारा त्याखाली राहिला तर एका रात्रीचे सहा तास झाले. अशा चाळीस रात्री मिळाल्या तर २४०. पण खर्चाची बाजूही आहे. दुपारचं तापमान १६ अंशांच्या वर गेलं की रात्री जमलेल्यातलं थोडं वजा होतं. म्हणूनच ग्वाल्हेरचं जानेवारीतलं धुकं सप्ताळूला मोलाचं आहे. सूर्य दिवसभर दिसत नाही, दुपारीही स्वेटर उतरत नाही, असे दिवस म्हणजे नुसती जमा, खर्च काहीच नाही.

डोंगरातल्या जुन्या वाणांना ६०० ते १००० तास लागतात. ते इथे मिळणार नाहीत. कमी थंडीवर भागणाऱ्या वाणांना १०० ते ३०० तास पुरतात. जानेवारीत ग्वाल्हेरचं सरासरी किमान तापमान सात अंशांच्या आसपास असतं, म्हणजे असे वाण इथे नीट बसतात. इंदूरचं किमान दहाच्या आसपास, शिवाय दुपारी ऊन. तिथे अगदी कमी थंडीचा वाणच लावावा आणि तोही एखादं वर्ष हुलकावणी देणार, हे धरून चालावं. बडोद्याला फळाच्या आशेनं हे झाड लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे पेरू लावावा.

थंडी अपुरी पडली की झाड ते दाखवतं. फुलं एकदम न येता महिनाभर तुरळक येत राहतात. बरेच डोळे वाळून हाताला लागताच गळतात. पानं फक्त फांदीच्या टोकाला फुटतात आणि खाली काठी उघडी राहते. असं दिसलं की खत वाढवून उपयोग नाही. चूक वाणाची आहे.

वाणांत ‘फ्लोर्डा प्रिन्स’ला साधारण १५० तास लागतात. एप्रिलच्या उत्तरार्धात तो तयार होतो, गर पिवळा. ‘शान-ए-पंजाब’ मेच्या पहिल्या आठवड्यातला, मोठा आणि बी सुटी होणारा. ‘अर्ली ग्रँड’ आणि ‘प्रताप’ही मैदानात चालतात. ‘शरबती’ चवीला फार गोड, पांढऱ्या गराचा, पण जूनअखेरीस पिकतो आणि तोवर फळमाशी पोचलेली असते. फ्लोर्डा नावाचे वाण अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठात तयार झाले. उष्ण प्रदेशासाठीचं हे काम तिथे १९५० च्या दशकात सुरू झालं. आपल्याकडे असे वाण मैदानात रुजवण्यात लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. सप्ताळू स्वतःच्याच परागानं फळतो, त्यामुळे अंगणात एकच झाड असलं तरी पुरतं.

उघड्या काठीवर फूल

थंडीचा हिशेब पुरा झाला की माघात ऊब लागताच झाड फुलतं, आणि पानांच्या आधी फुलतं. वाळक्या दिसणाऱ्या काठीवर पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं, एकही पान नाही. सप्ताळूच्या भोवती जी सगळी श्रद्धा जमली आहे, ती या दृश्यातून उगवली असावी असं वाटतं.

मूळ देश चीन. तिथलं नववर्ष आणि आपली वसंत पंचमी बहुतेक वर्षी चार-पाच दिवसांच्या अंतरानं येतात. २०२४ मध्ये ते १० फेब्रुवारीला होतं आणि पंचमी १४ ला. त्या सणाला पूर्वी दारावर सप्ताळूच्या लाकडाच्या पट्ट्या लावत आणि त्यांवर दोन द्वारपालांची नावं लिहीत. या लाकडाला अशुभ घाबरतं, ही समजूत. पुढे लाकडाच्या जागी लाल कागद आला आणि आज चिनी घरांच्या दारांवर दिसणाऱ्या लाल पट्ट्या त्याच रिवाजातून निघाल्या. गुढीला कडुलिंबाचा डहाळा बांधणाऱ्यांना यात परकं काही वाटू नये. वर्षाच्या तोंडाशी जे झाड नवं होतं, त्यालाच दाराशी आणायचं.

फळ मात्र आयुष्याचं प्रतीक. चिनी पुराणातल्या ‘पश्चिमेच्या राणीमाते’च्या बागेतले सप्ताळू तीन हजार वर्षांनी पिकतात आणि खाणारा अमर होतो, अशी कथा आहे. दीर्घायुष्याचा म्हातारा देव हातात सप्ताळू घेऊनच चितारतात. वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला सप्ताळूच्या आकाराचे, टोकाला गुलाबी रंग दिलेले वाफवलेले गोड पाव वाटतात. जपानात ३ मार्चचा बाहुल्यांचा सण सप्ताळूचाही सण असतो, आणि नदीतून वाहत आलेल्या सप्ताळूतून जन्मलेला मोमोतारो तिथल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. उत्तर व्हिएतनाममध्ये नववर्षाला फुललेली फांदीच घरात आणून ठेवतात.

झाडावर समजूत कशी चढते हे ग्वाल्हेरकरांना वेगळं सांगायला नको. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चघळली की गळा गोड होतो, हे ऐकत इथल्या कितीतरी पिढ्या गाणं शिकल्या.

भारतात हे फळ कसं आलं याची एक जुनी नोंद आहे. सातव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग लिहितो की, कनिष्काकडे ओलीस म्हणून आलेले चिनी लोक हिवाळ्यात पंजाबातल्या ज्या भागात राहत, त्याला चीनभुक्ती म्हणत. सप्ताळू आणि नासपती त्यांनीच आणले. म्हणून सप्ताळूला ‘चीनानी’ आणि नासपतीला ‘चीनराजपुत्र’ अशी नावं होती. युरोपला मात्र हे फळ इराणमार्गे मिळालं आणि त्यांनी त्याला इराणचंच समजून ‘पर्सिका’ म्हटलं. शास्त्रीय नावात ती चूक आजही कायम आहे.

लावताना

कलम डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत लावावं. तेव्हा ते झोपेत असतं आणि उघड्या मुळांनीही प्रवास सोसतं. डोळे फुगल्यावर आलेलं कलम घेऊ नये, स्वस्त मिळालं तरी. रोपवाटिकेत वाणाचं नाव आणि खुंट (ज्या रोपाच्या मुळांवर कलम बांधलं ते) कशाचा, हे दोन्ही विचारावं. दिवसाला किमान सहा तास ऊन, भिंतीपासून तीन मीटर अंतर, दोन झाडं लावायची तर मध्ये सहा मीटर. खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. वरची माती वेगळी ठेवून तिच्यात १५ ते २० किलो पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळून तीच परत भरावी. कच्चं शेण वाळवीला आमंत्रण. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. जोड गाडला गेला तर तिथून कूज सुरू होते.

मातीची परीक्षा आधी करा. खड्डा पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी उरलं असेल तर जागा बदला, किंवा दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा. सप्ताळूची मुळं पाण्यात गुदमरतात, आणि गुदमरताना त्यांच्यातलंच एक द्रव्य फुटून सायनाइड तयार होतं, जे मुळांनाच मारतं. म्हणून श्रावणात पाणी साचलं की धडधाकट झाड काही दिवसांत पिवळं पडून जातं. मेलेल्या सप्ताळूच्या जागी लगेच दुसरा सप्ताळू लावायचा नाही, त्याचंही एक कारण हेच, जुन्या मुळांत ते द्रव्य उरलेलं असतं.

छाटणी, जिथे बहुतेक झाडं वाया जातात

लावल्याबरोबर शेंडा ७५ ते ९० सेंटिमीटरवर कापावा. जीव कळवळतो, पण कापायचाच. पहिल्या वर्षी फुटलेल्या फांद्यांतल्या चारी दिशांना पसरणाऱ्या तीन-चार ठेवून बाकी काढा. मधला भाग वाटीसारखा उघडा राहू द्या, म्हणजे आत ऊन जाईल.

पुढची छाटणी दरवर्षी, पानगळीनंतर डिसेंबर ते मध्य जानेवारीत. सप्ताळूला फळ फक्त गेल्या वर्षी वाढलेल्या काडीवर येतं. त्या काडीला पुन्हा कधीच येत नाही. आंबा किंवा चिकू न छाटता फळतो, म्हणून यालाही तसंच सोडलं की फळ दरवर्षी टोकाकडे सरकतं आणि पाच-सहा वर्षांत ते शिडीनंही हाताला लागत नाही.

हे समजायला एक काडी हातात घ्या. गेल्या वर्षीची काडी पेन्सिलएवढी जाड, उन्हाकडच्या बाजूला तांबूस आणि खालून हिरवट असते. त्याहून जुनी फांदी करडी आणि खडबडीत. आता तांबूस काडीवरची गाठ जवळून पाहा. चांगल्या गाठीवर तीन डोळे शेजारी शेजारी असतात. कडेचे दोन गुबगुबीत, लव असलेले, ते फुलांचे. मधला बारीक आणि टोकदार, तो पानांचा. फुलाच्या एका डोळ्यातून एकच फूल येतं. अशा तिहेरी गाठी असलेल्या, हात-दीड हात लांबीच्या काड्या राखायच्या. करड्या, फळून झालेल्या फांद्या, सरळ आभाळाकडे गेलेले जोमदार फुटवे आणि एकमेकांवर घासणाऱ्या काड्या काढायच्या. एकूण वाढीचा अर्धा भाग निघाला तरी घाबरू नये. पुढच्या वर्षीच्या काड्या या कापातूनच फुटतात.

फुलोऱ्यानंतर फळं द्राक्षांसारखी लगडतात. ती सगळी ठेवली तर सगळी लिंबाएवढी राहतात आणि फांदी मोडते ती वेगळीच. मोठं गोड फळ व्हायला मागे ३५ ते ४० पानं लागतात. म्हणून फळं गोटीएवढी झाली की विरळणी करा. काडीवर दर १० ते १५ सेंटिमीटरला एक ठेवा, बाकी हातानं खुडा. खाली पडलेल्या हिरव्या फळांचा खच पाहून घरातले ओरडतील. तरीही खुडा.

पाणी, खत आणि दुखणी

मार्चअखेर ते तोडणी हा फळ फुगण्याचा काळ. ग्वाल्हेरला तेव्हा लू सुरू झालेली असते, म्हणून दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी द्यावं आणि बुंध्यापासून थोडं दूर पालापाचोळ्याचं आच्छादन करावं. इथे पाण्याचा ताण पडला तर फळ लहान राहतं आणि पुढे कितीही पाणी दिलं तरी वाढत नाही. पाचेक वर्षांच्या झाडाला डिसेंबरात २५ ते ३० किलो शेणखत द्यावं. युरिया वर्षाला किलोभर पुरे, अर्धा फुलण्याआधी आणि अर्धा फळ धरल्यावर. पावसाळ्यात नत्र देऊ नये, नुसती पानं माजतात.

नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी असलं की लोह जमिनीत असूनही मुळांना घेता येत नाही. लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. एप्रिल, जून आणि सप्टेंबर असं तीनदा.

फेब्रुवारीत कोवळी पानं मुरडून गुंडाळी झाली तर आत मावा आहे. पान मुरडल्यावर औषध आत पोचत नाही, म्हणून डोळे फुगतानाच कडुलिंबाचं तेल, लिटरला पाच मिलिलिटर, थोड्या साबणासह फवारावं. खोडातून मधासारखा डिंक गळू लागला तर तिथली साल बघा. छिद्र असेल तर पोखरणारी अळी. छिद्र नसेल तर बहुधा उन्हानं साल भाजलेली असते किंवा पाणी जास्त झालेलं असतं. छाटणीनंतर झाड बोडकं होतं आणि उन्हाळ्यात पश्चिमेचं ऊन खोडावर सरळ पडतं, त्यासाठी मार्चपर्यंत खोडाला चुन्याचा हात द्या.

फळमाशी मे-जूनमध्ये वाढते, म्हणून लवकरचे वाण तिच्या हातून सुटतात. मिथाइल युजेनॉलचा सापळा टांगा, पण तो फक्त नरांना पकडतो. पडलेली, किडकी फळं रोज वेचून दोन फूट खोल पुरली नाहीत तर सापळ्याचा उपयोग अर्धाच. पोपटांना आणि खारींना जाळीशिवाय इलाज नाही.

फळ हातात आल्यावर

लाली पाहून तोडू नका. लाली उन्हाची असते. लालीमागचा हिरवा रंग पिवळा झाला आणि देठाजवळ बोट किंचित दबलं की तोडा. तोडल्यावर फळ मऊ होतं, पण साखर वाढत नाही. कडक फळ सरळ फ्रिजमध्ये घातलं तर गर कोरडा आणि कापसासारखा होतो. दोन ते आठ अंशांमधली थंडी कच्च्या सप्ताळूला बाधते आणि घरचा फ्रिज नेमका त्यातच असतो. आधी बाहेर पिकू द्या, मग दोन-चार दिवस फ्रिज. मुरांब्यासाठी साल काढायची तर उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट आणि लगेच गार पाण्यात. साल चिमटीनं सुटते.

पोषणाचं उगाच वाढवून सांगू नये. १०० ग्रॅम फळात सुमारे ४० कॅलरी, नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी, दीड ग्रॅम चोथा आणि १९० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. ‘क’ जीवनसत्त्वासाठी पेरू आणि आवळा कितीतरी पुढे आहेत. सप्ताळूचा गुण हा की उन्हाळ्यात ते पोटभर खाता येतं, जड पडत नाही.

बी फोडून आतली बदामासारखी गरी मुलांना खाऊ देऊ नये. तिच्यातल्या अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होतं. छाटलेल्या फांद्यांची कोमेजलेली पानं गाय-शेळीपुढे टाकू नयेत, कारण तेच.

बी रुजवायची हौस असेल तर तीही थंडीच मागते. गर पुसून, धुवून, ओल्या वाळूत गुंडाळून डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन ते तीन महिने ठेवावी. वाळू सुकू देऊ नये. कवच उकलून पांढरं मूळ दिसलं की कुंडीत लावावी. त्या रोपाला आईसारखंच फळ येईल याची खात्री नसते, म्हणून ते खुंट म्हणून वापरायचं. पेन्सिलएवढं जाड झालं की पुढच्या डिसेंबर-जानेवारीत, झाडं झोपलेली असताना, त्यावर आपल्या वाणाची काडी बांधायची.